मॅडम, हे आपल्यासाठी असतं का?

नोकरीला लागले तेव्हा विभागप्रमुखांनी माझ्याकडे दोन कामं सोपवली. एक प्रयोगशाळेचं डेडस्टॉक रजिस्टर आणि दुसरं नोटिसांचं. रजिस्टर पुढे दुसऱ्यांकडे गेलं. नोटिसा राहिल्या, आणि आता कुणी मागितल्या तरी मी द्यायची नाही.

आमचं कॉलेज सोलापूर-धाराशिवच्या सीमेवरचं, गावाबाहेर, उसाच्या रानाला लागून. मी ईएनटीसीला शिकवते. मुलं बार्शी, माढा, परंडा, भूम इकडची. बरीचशी एसटीच्या पासावर येतात आणि शेवटच्या तासाला त्यांचे कान गाडीकडे लागलेले असतात. घरातले पहिलेच इंजिनिअर होणारे निम्म्याहून जास्त.

नोटीस येते ती इंग्रजीत, बारीक टाइपात, दोन-तीन पानांची. कधी एआयसीटीईकडून, कधी विद्यापीठाकडून, कधी आयआयटी मुंबईच्या एखाद्या प्रकल्पाकडून. प्राचार्यांची सही होते, आवक क्रमांक पडतो, 'विद्यार्थ्यांच्या माहितीस्तव' असा शेरा येतो आणि शिपाईमामा ती काचेच्या फळ्यावर टाचणीने लावतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ जाते ती वेगळीच. मुलं वाचत नाहीत असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जातं. मला ते कधीच पटलं नाही. मुलं वाचतात. फळ्यासमोर उभी राहून शेवटच्या तारखेपर्यंत वाचतात, मग माझ्या टेबलाशी येतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, हे आपल्यासाठी असतं का?"

या प्रश्नाला 'हो' म्हणून भागत नाही. त्यांना वाटत असतं की हे सगळं पुण्याच्या सीओईपीतल्या नाहीतर माटुंग्याच्या व्हीजेटीआयतल्या मुलांसाठी आहे आणि आपल्याकडे चुकून आलंय. म्हणून मी पात्रतेचा परिच्छेद काढते आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला लावते. गेटची परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, एम.टेक.ला त्या स्कोअरवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत निवडलेल्या संघाला रोबोटचं किट कॉलेजच्या पत्त्यावर येतं, त्यासाठी मुलांना खिशात हात घालावा लागत नाही. एनपीटीईएलचे कोर्स फुकट शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. यातल्या एकाही ठिकाणी 'नामांकित महाविद्यालयाचा विद्यार्थी असावा' अशी अट नाही. मुलं परिच्छेद दोनदा वाचतात आणि मग त्यांचा आवाज मोकळा होतो.

पण अट वाचून झाली की खरं काम सुरू होतं.

'प्रगती' शिष्यवृत्तीचं घ्या. एआयसीटीईची ही योजना मुलींसाठी आहे: पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलगी, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, एका घरातल्या जास्तीत जास्त दोघी. वर्षाला ५०,००० रुपये. आमच्याकडे एवढ्या पैशात वसतिगृह, मेस आणि लॅपटॉपचे हप्ते निघतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला एखाद्या खेपेत मिळून जातो. घोडं अडतं ते बँकेत.

एका मुलीचं नाव यादीत लागलं आणि पैसेच आले नाहीत. बँकेतले साहेब म्हणाले, खात्याला आधार जोडलेलं आहे. पोर्टल सांगत होतं, रक्कम जमा झाली. मुलगी रडकुंडीला आली होती. तिला घेऊन मी बँकेत गेले, काउंटरवर बसून एकेक गोष्ट तपासली. तिच्या गावात कुणीतरी मोबाइलचं सिम देताना बोटाचा ठसा घेऊन तिच्या नावाने दुसरंच एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं. सरकारी पैसे थेट आधारवर येतात, आणि आधारवर आलेली रक्कम शेवटी ज्या खात्याशी मॅपिंग झालं असेल तिथे जाते; केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे मॅपिंग झालं असं नाही. तिचे पन्नास हजार त्या सिमवाल्या खात्यात सुखरूप होते, तिलाच माहीत नव्हतं. तेव्हापासून अर्ज भरण्याआधी मी प्रत्येकीला सांगते, आधी कुठल्या बँकेला मॅपिंग आहे ते बघून ये, मग फॉर्मला हात लाव. ही गोष्ट कुठल्याही नोटिशीत ठळक छापलेली नसते.

सगळ्यात जास्त जीव मी उन्हाळी संशोधन फेलोशिपमध्ये घालते. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही मिळून ती देतात. बंगळूरची अकादमी सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली. निवड झालेल्या विद्यार्थ्याने उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करायचं. मानधन मिळतं, रेल्वेचं भाडं मिळतं. इंजिनिअरिंगची मुलंही चालतात. अर्जात मार्क असतात, शिक्षकाचं शिफारसपत्र असतं आणि एक छोटं टिपण असतं: तुम्हाला काय करायचंय आणि का. सगळं त्या टिपणावर येऊन थांबतं.

भूमकडची एक मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. हुशार, पण वर्गात तोंड उघडायची नाही. तिने टिपण आणून दिलं. लहानपणापासून तंत्रज्ञानाची ओढ आहे, व्हीएलएसआयमध्ये भवितव्य घडवायचं आहे, देशाची सेवा करायची आहे. इंग्रजी गुळगुळीत. मी विचारलं, व्हीएलएसआयमधलं काय करायचंय? ती गप्प. मग म्हटलं, ते राहू दे, घरी गेल्यावर हातात स्क्रूड्रायव्हर कधी घेतेस?

तेव्हा ती बोलायला लागली ती थांबेचना. त्यांच्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटर. शेतीला लाइट आठ तास, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्री दोनला उठून कोण जाणार, म्हणून सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेले. लाइट आली की डीपीवरच्या झाडून सगळ्या मोटरी एकदम उठतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते हे तिने आमच्याच प्रयोगशाळेत शिकलेलं. सगळ्यांनी एकदम ओढला की व्होल्टेज खाली बसतं, मोटरी गुरगुरत राहतात आणि वाइंडिंग जळतं, नाहीतर डीपीच जळते. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा म्हणून सांगत असतं, पण रात्रीची लाइट असताना ऑटो कोण काढणार? तिने भावाकडून मल्टिमीटर घेऊन लाइट आल्या क्षणापासूनचं व्होल्टेज लिहून ठेवलं होतं. वही दाखव म्हटलं तर दुसऱ्या दिवशी घेऊन आली. बारावीच्या गणिताच्या वहीची मागची पानं, पेन्सिलीने आखलेले रकाने: तारीख, वेळ, तीन फेजमधलं व्होल्टेज. चारशे पंधराच्या जागी तीनशेच्या घरातले आकडे. खाली एक ओळ, 'प्रत्येक ऑटोला वेगवेगळा टाइम दिला तर?'

मी ती ओळ वाचली आणि आधीचं टिपण बाजूला ठेवलं. म्हटलं, हेच लिही. आधी मराठीत लिही.

तिने मराठीत लिहिलं आणि मग आम्ही दोघींनी बसून त्याचं इंग्रजी केलं. वाक्यं तिचीच ठेवली, आखूड आणि सरळ. मोटरी एकामागून एक उठल्या तर व्होल्टेज किती सावरेल, हे स्टार्टर एकमेकांशी न बोलता नुसतं व्होल्टेज मोजून आपला क्रम ठरवू शकतील का, असा तिचा प्रश्न होता. आमच्यासारख्या कॉलेजात कल्पना नसतात हे मी फार ऐकलंय. कल्पना असतात; त्या गणिताच्या वहीच्या मागे असतात, कारण त्या 'इंजिनिअरिंग'मध्ये मोडतात असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

निवड झाली. बंगळूर. पत्र आल्यावर तिचे वडील कॉलेजात आले. त्यांनी पाणी घेतलं नाही, खुर्चीच्या कडेवर बसले. "मॅडम, पोरगी राहणार कुठं? जेवणाचं काय? अन् तिकडं आपलं कोण हाय?" प्रश्न रास्त होते. मी त्यांच्यासमोरच तिथल्या प्रयोगशाळेच्या कार्यालयाला फोन लावला, वसतिगृहाची व्यवस्था विचारली आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे हिंदी, अलीकडे मराठी, तरी दोघांचं जमलं. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरहून थेट बंगळूरला जाते हे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "गाडी बदलायची नाही ना मग? मी सोडून येतो," म्हणाले.

पंधरवड्यानंतर तिचा फोन आला. काय शिकलीस विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इथं रीडिंग चुकलं तर सर रागवत नाहीत, परत मोजू म्हणतात." मी त्या वाक्यावर आमच्या विभागात खूप बोलले आहे. आज ती पुण्यात मोटर ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि दर नोव्हेंबरला आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांची टिपणं वाचून देते.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या वेळी वेगळाच गोंधळ असतो. २०१७ पासून ही स्पर्धा चालू आहे. संघ सहा जणांचा आणि त्यात किमान एक मुलगी हवीच. आधी कॉलेजपातळीवरची फेरी, मग मंत्रालयांनी आणि संस्थांनी दिलेल्या समस्यांवर काम, आणि सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत सलग ३६ तास. नोंदणी संपत आली की पाच-पाच मुलांचे संघ 'एक मुलगी' शोधत कॉरिडॉरमध्ये फिरतात. एकीने मला विचारलं, "मॅडम, ते म्हणतात फक्त नाव दे. देऊ का?" मला राग आला. आता कॉलेजच्या फेरीत मी सहाही जणांना एकेक करून उभं करते आणि त्यांनी स्वतः लिहिलेला भाग समजावून सांगायला लावते. ज्या मुलीला फक्त नाव मागितलं होतं तिने त्या वर्षी संघाचा सगळा डेटाबेस उभा केला आणि मुलांनी तिलाच संघनायक केलं.

अप्रेंटिसशिपच्या नोटिशीला मात्र घरातूनच विरोध होतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा, आणि १९७३ च्या दुरुस्तीपासून पदवी-पदविकावाले इंजिनिअरही त्यात आले. तरी लोकांच्या मनात अप्रेंटिस म्हणजे आयटीआय. "चार वर्षं शिकवून पोराला अप्रेंटिस घालू?" असं एका आईने मला विचारलं. पोरगा मेकॅनिकलचा, पास होऊन घरीच बसलेला. मी एवढंच सांगितलं की चिंचोळी एमआयडीसीत वर्षभर मशिनपाशी उभा राहील, विद्यावेतन मिळेल, सरकारी प्रमाणपत्र मिळेल; घरी बसून यातलं काय मिळणार आहे? तो गेला. वर्ष संपल्यावर त्याच शॉपमध्ये कायम झाला.

अलीकडे एक नवी डोकेदुखी आहे. इंटर्नशिपला क्रेडिट आले आणि त्याबरोबर मुलांच्या मोबाइलवर जाहिरातींचा पूर आला. नाव मोठं, लोगो झकास, काम घरबसल्या, आणि 'नोंदणी शुल्क' अमुक. पैसे भरले की महिन्याने प्रमाणपत्र येतं. मधल्या काळात कुणी काही शिकवत नाही, कुणी काही विचारत नाही. आमच्या एका मुलाच्या वडिलांनी दुधाच्या बिलातून असे पैसे भरले होते. मी मुलांना सांगते, परीक्षेला फी असते, ती द्या. काम करायला मात्र फी नसते. तुम्ही काम करणार आणि तुम्हीच पैसे भरणार, तर ती नोटीस माझ्याकडे आणा, मी फोन करून विचारते. असे फोन पलीकडून फार लवकर ठेवले जातात.

आता एकच गाठ सुटत नाही, ती परीक्षेच्या वेळापत्रकाची. संशोधनाच्या फेलोशिप मे-जूनमध्ये असतात आणि आमची सत्रपरीक्षा कधी मेमध्ये, कधी जूनमध्ये, कधी थेट जुलैत सरकते. गेल्या खेपेला एका मुलाची निवड झाली, तिकीट काढलं, आणि पेपर पुढे गेले. तिथल्या प्राध्यापकांनी त्याला दोन आठवडे उशिरा यायची परवानगी दिली, पण पेपर पुन्हा सरकले आणि त्याला जागा सोडावी लागली. परीक्षा विभागाला आम्ही पत्र दिलं आहे: अशा निवड झालेल्या विद्यार्थ्यांची यादी एप्रिलमध्येच घ्या आणि त्यांचे पेपर एकतर ठरल्या तारखेला होऊ द्या, नाहीतर परतल्यावर वेगळे घ्या. असे विद्यार्थी सगळ्या कॉलेजांचे मिळून फार नसतील. पत्राला पोच मिळाली आहे, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात मी आणि विभागप्रमुख स्वतः जाणार आहोत, आणि त्या मुलाचं निवडपत्र, तिकीट आणि बदललेली तिन्ही वेळापत्रकं सोबत नेणार आहोत.