वकिलातीतला कारकून

खिदिरपूरच्या गोदीत आयुष्यभर मालाचे हिशेब लिहून निवृत्त झालेल्या एका मराठी गृहस्थांना पुतण्याने मोठ्या अगत्याने एक इंग्रजी राजकीय थरारकादंबरी आणून दिली. परदेशातील वकिलात हे तिचे कथास्थळ. तीन रात्रींत ती वाचून झाली आणि गृहस्थ खिन्न झाले.

कादंबरी कंटाळवाणी होती असे नव्हे. फितुरी, अपहरण, मध्यरात्रीचे संकेत, सारे यथास्थित होते. पण दुसऱ्याच प्रकरणात पारपत्रे पाहणारा एक कारकून मारला जातो आणि पुढे त्याचे नावही कोणी घेत नाही. नायकाला पाचारण करण्यापुरतेच त्याचे मरण. गृहस्थ मात्र अखेरपर्यंत त्याच माणसाची वाट पाहत राहिले.

त्यालाही कारण होते. त्यांचे थोरले बंधू खलाशी. ते एका परक्या बंदरात तापाने वारले. अशा खलाशाचे थकलेले वेतन व चीजवस्तू यांची व्यवस्था लावणे, अडकून पडलेल्यांना मायदेशी धाडणे, ही कामे १९५८ च्या नौवहन कायद्यान्वये वकिलातीतील अधिकाऱ्यांकडे येत. फॅन्सी मार्केटात जहाजांवरचा परदेशी माल येई; या घरी एक यादी आली. घड्याळ, दोन सदरे, चष्मा, अर्धवट लिहिलेले पत्र. यादीखालची सही लागत नव्हती. पत्र मात्र निराळ्या लिफाफ्यात होते आणि त्यावर कोणा अनोळखी हाताने देवनागरीत लिहिले होते : ‘मातोश्रींस’.

रवींद्र म्हात्रे हे नाव पुण्यात मुठेवरील पुलामुळे रोज उच्चारले जाते. बर्मिंगहॅममधील भारतीय कचेरीतले हे अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी बसमधून उतरून घरी जाताना त्यांना पळवण्यात आले, तेव्हा हाती मुलीच्या वाढदिवसाचा केक होता असे सांगतात. मकबूल भटच्या सुटकेची मागणी झाली, म्हात्रे मारले गेले, आणि ११ फेब्रुवारीला तिहारमध्ये भटला फाशी झाली. थरारकादंबरीच्या कामी येतात त्या मागण्या आणि त्या तारखा. बसमधून घरी जाणाऱ्या अधिकाऱ्यापाशी तिला थांबायला सवड नसते.

हा दोष या वाङ्मयप्रकाराचाच, असे मात्र म्हणता येत नाही. ग्रॅहम ग्रीनच्या ‘द ऑनररी कॉन्सल’मध्ये (१९७३) राजदूत समजून भलत्याच माणसाला, एका नगण्य मानद वाणिज्यदूताला पळवले जाते, आणि त्याचे नगण्य असणे हाच कादंबरीचा गाभा ठरतो. ल कारेच्या ‘अ स्मॉल टाउन इन जर्मनी’त (१९६८) सारा शोध चालतो तो बॉनच्या वकिलातीतून नाहीशा झालेल्या एका हंगामी नोकराचा. फायलींची धूळही तेथे भयप्रद होते. किंबहुना वकिलातीतले खरे रहस्य तिजोरीत नसून टेबलावर असते, हे या दोघांना ठाऊक होते.

पुस्तक परत नेताना पुतण्याने विचारले, “काका, कसं वाटलं?”

“बरं आहे,” ते म्हणाले, “पण त्या वकिलातीत कामाला कोणी दिसलं नाही रे.”