तराजूधारी स्त्रीचा डावा हात

रोमन ब्राँझ नाण्यांच्या वाचनात सम्राटाचा चेहरा ओळखण्यापेक्षा मागील बाजूवरची तराजूधारी स्त्री ओळखणे अधिक अवघड ठरते, कारण तोच तराजू घेऊन तेथे दोघी उभ्या असतात. एक न्याय्य व्यवहाराची मूर्ती एक्विटास, आणि दुसरी टांकसाळीची देवता मोनेटा, जिचे नाव रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवरील जूनो मोनेटाच्या मंदिराशी व त्यालगतच्या टांकसाळीशी जोडलेले आहे. व्हेस्पासियनच्या (इ. स. 69–79) ‘आस’ या तांब्याच्या नाण्यांवर एक्विटासच्या डाव्या हातात काठी असते, तर डोमिशियनच्या (इ. स. 81–96) ‘आस’वर मोनेटा फळांनी ओसंडणारे शिंग, म्हणजे समृद्धीचे चिन्ह, कवेत धरते. हा भेद पुढे टिकला असता तर बरे झाले असते; पण पहिल्या फिलिपच्या (इ. स. 244–249) सेस्टर्शियस या मोठ्या नाण्यावर एक्विटासनेही तेच शिंग घेतले आहे.

नाण्यावरचा लेख पुसला गेला की सारी भिस्त त्या डाव्या हातावर येते, आणि नेमका तोच दगा देतो. शिंगाचे तोंड उठावात उंच असल्याने आधी घासले जाते, फळे सपाट होतात आणि कोपरापासून खांद्यापर्यंत एक बारीक रेघ तेवढी उरते. तिच्या खालच्या टोकाला किंचित वाक दिसला तर शिंग, नाहीतर काठी, ही कसोटी प्रस्तुत लेखकाने वर्षानुवर्षे वापरली. दृष्टी मंदावल्यावर जुनी टिपणे नाण्यांशी पुन्हा ताडून पाहताना मात्र ध्यानात आले, की तो वाक कित्येकदा नाव देण्याच्या हौसेनेच पाहिला होता. ‘मोनेटा’ असे लिहिताना टांकसाळीची देवता आपल्याच डोळ्यांना दिसली याचा अभिमान वाटे, आणि त्या अभिमानापुढे शंका टिकत नसे.

ही चूक कागदावरची असल्याने खोडता येते. पण जे विक्रेते मातीत शतकानुशतके जमलेला हिरवा थर खरवडून पोलादी सुईने शिंगात नवी फळे कोरतात, आणि त्याला सफाई म्हणतात, ते पुरावाच नष्ट करतात; त्याला कारागिरी म्हणणे हा कारागिरीचाच अपमान आहे.

जुन्या टिपणांतील अशा नोंदींपुढे आता ‘तराजूधारी स्त्री, डावा हात अस्पष्ट’ एवढेच लिहिलेले आहे.