जहाज आणि पेव

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. येथे बालाघाटचे डोंगर आहेत. तेरणा आणि मांजरा या नद्या आहेत, पण उन्हाळ्यात त्यांचेही पाणी आटते. मग मालवाहू जहाजांच्या नियमांशी आपला काय संबंध? माझ्या वर्गातील एका मुलीने मला हाच प्रश्न विचारला होता. मी तिला म्हणालो, "बेटा, आपण रोज बोलतो ते शब्द आधी नीट ऐक." जहाज, बंदर, लंगर, तुफान, खलाशी हे शब्द तुमच्या उर्दूच्या पुस्तकात आहेत आणि मराठीतही आहेत. उर्दूत ज्याला नाखुदा म्हणतात, तोच कोकणच्या कोळ्यांचा नाखवा. अरबी-फारसी बोलणारे व्यापारी समुद्रावरून आले, माल उतरवून परत गेले; शब्द मात्र येथेच राहिले.

संत गोरा कुंभारांचे तेर गाव तुम्हाला माहीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. 'पेरिप्लस' नावाच्या एका जुन्या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. तगरचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून जहाजाने दूरदेशी पोहोचे. आजही रमजानमध्ये ज्या खजुराने आपण रोजा सोडतो, तो बहुधा जहाजातूनच येतो. आपल्या देशाचा परदेशी व्यापार वजनाने मोजला, तर सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गाने जातो-येतो. तेव्हा समुद्र आपल्यापासून दूर असला, तरी जहाज दूर नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आज मालवाहू जहाजावर खलाशी आहे. त्याचे वडील ट्रक चालवत. सुट्टीत गावी आला की तो शाळेत येतो. एकदा त्याने मुलांना आपल्या जहाजाच्या बाजूचे छायाचित्र दाखवले. त्यावर एक वर्तुळ होते, वर्तुळातून एक आडवी रेघ गेली होती आणि शेजारी शिडीसारख्या लहान लहान रेघा होत्या. तो म्हणाला, "सर, आमचे सगळे काम या रेघेवर चालते. पाणी या रेघेच्या वर आले, तर जहाज बंदर सोडू शकत नाही."

या रेघेमागे मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी काही लोभी मालक जुन्या जहाजांत वाटेल तितका माल भरत. जहाज बुडाले तरी विम्याचे पैसे मिळत. बुडत होते ते गरीब खलाशी. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदाराने याविरुद्ध संसदेत आवाज उठवला. अखेर १८७६ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक जहाजावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. आज जगभर ही रेघ त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मुलांनी विचारले, "एक रेघ पुरे होती, एवढ्या रेघा कशाला?" मी दोन पेले मागवले. एकात साधे पाणी घेतले, दुसऱ्यात पाच-सहा चमचे मीठ विरघळवले आणि दोन्हींत एकेक अंडे सोडले. साध्या पाण्यातले अंडे तळाशी गेले, मिठाच्या पाण्यातले तरंगले. नदीच्या गोड्या पाण्यात जहाजही असेच अधिक खोल बसते आणि खाऱ्या समुद्रात गेल्यावर वर येते. हिवाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून तेव्हा माल कमी भरायचा असतो. जसे पाणी आणि जसा ऋतू, तशी रेघ. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर झुलत जातात, ते तुम्ही पाहता. त्यांच्यावर अशी एखादी रेघ असती, तर किती बरे झाले असते!

नियम मोडला की काय होते, हे मुंबईने १९४४ मध्ये पाहिले. दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईला आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे आणि लाकूडही भरले गेले. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात कोणाला बिडी पेटवू देत नाहीत. कारण कापसाची आग आतल्या आत धुमसत राहते. येथे तर कापूस आणि दारूगोळा एकाच कोठारात होता. स्फोटकांचे जहाज गोदीत न आणता दूर पाण्यात रिकामे करावे, अशी पूर्वीची शिस्त होती. धोक्याची खूण म्हणून त्यावर लाल निशाण लावण्याची रीत होती. युद्धाच्या घाईत शिस्त सैल झाली होती आणि निशाणही लावलेले नव्हते.

१४ एप्रिलला दुपारी कापसाने पेट घेतला. अग्निशमन दलाचे जवान धावले आणि जहाजावर पाणी मारू लागले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. स्फोटाचा धक्का दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर नोंदला गेला. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. १४ एप्रिल हा दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून तुम्हाला ठाऊक आहे. या जवानांच्या स्मरणार्थ त्याच दिवशी देशात अग्निशमन सेवा दिनही पाळतात. आज कोणता धोकादायक माल कोणत्या मालाजवळ ठेवू नये, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. अशा मालाचे नऊ वर्ग केले आहेत आणि प्रत्येक वर्गाची वेगळी खूण असते.

आता पेवाची गोष्ट सांगतो. आपल्या भागात पूर्वी ज्वारी पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेले खोल कोठार. माझे दादाजान सांगत, "पेव उघडले की लगेच उतरायचे नाही. बराच वेळ मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर समजायचे की आत मरण आहे." धान्यही श्वास घेते. बंद जागेतला प्राणवायू ते संपवते आणि त्याच्या जागी विषारी हवा साठते. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या जहाजात एकदा गहू होता. बंदर जवळ आले होते आणि सगळ्यांची घाई चालली होती. त्याचा एक सोबती खाली कोठारात उतरायला निघाला. नियम असा, की आधी यंत्राने हवा तपासायची, अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यायची आणि एक माणूस तोंडाशी उभा ठेवायचा. यातले काहीच झाले नव्हते. माझ्या विद्यार्थ्याने त्याचा हात धरला. सोबती वयाने मोठा होता. तो चिडला, "दोन मिनिटांचे काम आहे, तू मला शिकवणार?" तरी याने हात सोडला नाही. शेवटी अधिकारी आले आणि त्यांनी यंत्र खाली सोडले. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तेथे तो पुष्कळच कमी निघाला. सोबती काही न बोलता शिडीवर बसून राहिला.

मी विचारले, "तुला एवढा धीर कोठून आला?" तो हसून म्हणाला, "सर, आमच्या घरी पेव होते ना!"

मित्रांनो, ही गोष्ट जहाजापुरती नाही. जुनी विहीर, गोबरगॅसची टाकी, गटाराचे भुयार, या सर्वांत तोच धोका आहे. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आणि एका घरातले तिघे जातात. अशा वेळी आत उडी घेऊ नका. ओरडून माणसे जमवा आणि अग्निशमन दलाला बोलवा. कंदिलाचा जुना उपायही आता करू नका. काही वायू ज्योतीने पेट घेतात. हवा तपासायला आज यंत्रे आहेत.

तुमच्यापैकी कोणी जहाजावर जाईल, कोणी कारखान्यात, कोणी शेतात राबेल. "आजच्या दिवस चालेल," असे म्हणणारा माणूस तुम्हाला प्रत्येक ठिकाणी भेटेल. तो वयाने मोठा असेल, कदाचित तुमचा मालकही असेल. त्याचा आदर जरूर करा. पण आधी हवा तपासा, मगच पाय आत टाका.

स्वाध्याय

१. तेर गावाचा समुद्राशी पूर्वी काय संबंध होता?
२. जहाजावर एकापेक्षा जास्त रेघा का असतात?
३. 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या बाबतीत कोणकोणती काळजी घेतली गेली नाही?
४. "सर, आमच्या घरी पेव होते ना!" असे विद्यार्थी का म्हणाला?
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द लिहा.