उत्तर यायला वेळ लागतो

परवा रात्री खूपच उकडत होतं, म्हणून बाबांना घेऊन गच्चीवर गेलो. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं मंदावलंय. कळतं सगळं, पण उत्तर यायला वेळ लागतो. आणि आम्ही घरचे एवढे घाईचे, की त्यांचं वाक्य आम्हीच पुरं करून मोकळे होतो!

वर स्वाती झकास दिसत होती. तिच्याच तारकासमूहात, म्हणजे भूतपमध्ये, एनजीसी ५५४८ नावाची दीर्घिका आहे. सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं लांब, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्या मध्यभागी काही कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर वायू गिळत बसलंय. आत पडणारा वायू तापून झळाळतो आणि ही झळाळी सारखी कमीजास्त होते.

एवढ्या लांबच्या गोष्टीचं माप घ्यायचं कसं? मी बाबांना म्हटलं, "गावाला मी विहिरीत दगड टाकून डुबुक ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचो ना, तसंच." मधली झळाळी वाढली की भोवती फिरणारे वायूचे ढगही उजळतात, पण काही दिवस उशिरा. प्रकाशाला तिथवर पोचायला तेवढे दिवस लागतात! या उशिरावरून ढगांचं अंतर कळतं. वर्णपटातल्या रेषांच्या रुंदीवरून त्यांचा वेग. दोन्ही हातात आलं की कृष्णविवराचं वस्तुमान काढता येतं.

२०१४ साली हबल दुर्बिणीने जवळजवळ सहा महिने, बहुतेक रोज, या दीर्घिकेचा प्रकाश टिपला. कार्बनच्या अतिनील रेषेचा उशीर भरला साधारण पाच दिवस. पण मधेच दोनेक महिने मेळ बिघडला. मध्यभागी चढउतार चालूच, ढग मात्र नीट साथ देईनात. मोजणारे मोजत राहिले. पुढे मेळ पुन्हा जमला. मधेच मोजणं थांबवलं असतं, तर त्यांना हे कळलंच नसतं.

"कंटाळलात का बाबा?" मी विचारलं.

उत्तर नाही. 'चला, खाली जाऊ' अगदी ओठांवर आलं होतं. पण थांबलो आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागलो. तीस... एकतीस...

"दगड," बाबा म्हणाले. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मी गप्प.

"दगड मी टाकायचो. तू... घाबरायचास."

खरंच की!