दोर हातात आल्यावर

पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात स्काउट मास्तरांचं शिबिर चालू आहे. आम्ही सगळे पोक्त, तरी राहायचं मुलांसारखं: संघ करून, तंबूत, आळीपाळीने संघनायक होऊन. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या हयातीत, १९१९ साली इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कमध्ये वुड बॅजचा, म्हणजे स्काउट मास्तरांच्या प्रशिक्षणाचा, पहिला वर्ग भरला, तेव्हापासूनची ही रीत. मला ती फार मोलाची वाटते.

आज दोन काठ्या काटकोनात बांधल्या. वेढे कितीही घट्ट घ्या, शेवटी काठ्यांच्या मधून दोर फिरवून ते आवळले नाहीत तर सांगाडा डुलतोच. पुस्तकात हे एका ओळीत आहे. बोटांना कळायला अख्खी दुपार लागली. आणि आणखी एक कळलं: नायकाने दोर स्वतःकडे ओढून घेतला की बाकीचे हात थांबतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं तर मनच उडेल. व्याख्यान ऐकून हे अंगी बाणत नाही.

म्हणूनच, आपला रविवार देणाऱ्या स्वयंसेवकाला दिवसभर बसवून नुसतं प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांचा मला राग येतो. त्याच्या भरवशावर आईबाप मुलं रानात पाठवतात. घरच्या आठवणीने रडणाऱ्याची समजूत काढणं, ओल्या लाकडांवर चूल पेटवणं, जखम बांधणं, एवढं तरी त्याने आधी स्वतः केलेलं हवं.