नवतप्यातलं ग्राफिक्स कार्ड

दुपारचे तीन वाजले होते. लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होता होता स्क्रीन काळी झाली. कॅबिनेटमधले पंखे जोरात घोंघावत होते, चित्र मात्र गेलेलं. त्या दिवसातली ही तिसरी वेळ, आणि व्हिडिओ संध्याकाळी द्यायचा होता.

नागपूरच्या जरीपटक्यात आमचं घर वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. मी घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. लग्नसराई आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, आमच्याकडे जोडीनेच येतात. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापलेलं हे शहर. उन्हाची आम्हाला सवय आहे, यंत्रांना नसते.

दुकानात दाखवलं तर, "ताई, कार्ड गेलं, नवीन टाका," एवढंच उत्तर मिळालं. नवीन कार्ड म्हणजे अख्ख्या सीझनची कमाई. म्हणून आधी मोजून बघायचं ठरवलं.

माझं कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०. त्याची कमाल मर्यादा ९४ अंश. एक्स्पोर्टच्या वेळी ते ९२ दाखवत होतं. जानेवारीत याच कामाला ६८ असायचं. कॅबिनेटजवळ थर्मामीटर ठेवला, तर खोलीच ३९ अंश होती. जानेवारीत ती २२ च्या आसपास असते. पंखा खोलीतलीच हवा कार्डावर फेकतो, त्यामुळे खोली जेवढी तापते तेवढं कार्डही वर चढतं. म्हणजे वाढलेल्या २४ अंशांपैकी १७ नागपूरच्या उन्हाचे होते. कार्डाचा दोष फक्त ७ अंशांचा.

ते ७ कुठून आले, हे कार्ड उघडल्यावर दिसलं. वॉरंटी संपली होती, म्हणूनच उघडलं. मशीन गार राहावं म्हणून मी कूलरचं तोंड कॅबिनेटकडे केलं होतं. कूलरची दमट हवा आणि खोलीतली धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये सारवल्यासारखा थर बसला होता. चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारला. मोकळी सोडली तर ती भलत्या वेगाने फिरून पंखा खराब होऊ शकतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवीन लावली. तापमान ८५ वर आलं.

उरलेलं ऊन काही पुसता येत नव्हतं. मग कार्डाची वीजच कमी केली. हे कार्ड १२० वॅट घेतं. आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली, म्हणजे ९० वॅट. वीज कमी, तेवढी उष्णताही कमी. तापमान ७५ झालं. चाळीस मिनिटांच्या एक्स्पोर्टला त्रेचाळीस लागली. तीन मिनिटं जास्त गेली, पण स्क्रीन पुन्हा काळी पडली नाही.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलं, कूलरच्या थेट झोतापासून बाजूला ठेवलं. कूलरची हवा बाहेर जावी म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवते. त्याने खोलीचं तापमानही थोडं उतरतं.

तुमचंही कार्ड मे महिन्यात बंद पडत असेल, तर नवीन घेण्याआधी त्याच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. त्याच कामाला तो फरक हिवाळ्याइतकाच असेल, तर जास्तीचा ताप खोलीचा आहे, कार्डाचा नाही. वाढला असेल, तर आधी धूळ काढा.