अब्बांचं इंजिन

कोलाड स्टेशनावर ट्रक वाहून नेणारी मालगाडी बघतच आम्ही भावंडं वाढलो. वाफेचं इंजिन मात्र आमच्या घरात होतं. अब्बांनी कुवेतहून आणलेलं, मार्कलिनचं, वीतभर लांब. अब्बा अल्लाहला प्यारे झाले, त्यानंतर मुलांनी ते कपाटातून काढलं. साध्या दोन रुळांच्या सेटवर ठेवलं, आणि शॉर्ट सर्किट!

रुळांतलं अंतर दोन्हीकडे 16.5 मिलिमीटरच. पण हे इंजिन पोटाखालच्या पट्टीने रुळांच्या मधल्या खिळ्यांतून वीज घेतं. त्याची दोन्ही बाजूंची चाकं आतून जोडलेली. साध्या सेटमध्ये वीज एका रुळातून येते, दुसऱ्यातून परत जाते. आमची चाकं दोन्ही रूळ एक करून टाकत.

एकदा बदललं की ते अब्बांचं राहील का, यावर आठवडाभर वाद झाला. शेवटी अम्मीच म्हणाल्या, "कपाटात ठेवायला आणलं होतं का त्यांनी?"

पट्टी काढली, एका बाजूने इन्सुलेशन असलेली चाकं बसवली, मोटरच्या कॉइलजागी चुंबक लावलं. घड्याळ दुरुस्त करणारे चाचा नसते तर जमलं नसतं. काळा रंग पहिल्यांदा इतका जाड लावला की दांडे अडकले. सगळा खरवडून, चाकं सुटी करून पुन्हा पातळ हात दिले.

मुलांना त्यावर 'माथेरान' लिहायचं होतं. पीरभॉय घराण्याने 1907 साली सुरू केलेली ती गाडी आपल्याच रायगडची, हे खरं. पण ती 610 मिलिमीटरची छोटी लाइन, हे मोठ्या लाइनचं इंजिन. नाही लिहिलं.

केबिनवरचा ओरखडा अम्मींनी रंगवू दिला नाही. तो अब्बांच्या हातून पडलेला. जुनी चाकं आणि पट्टी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत.